दहावीच्या पुस्तकातला बिस्मार्क आणि त्याचा पांढरा गणवेश

सीबीएसईच्या शाळांत चालणाऱ्या एनसीईआरटीच्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात पहिलाच धडा युरोपातल्या राष्ट्रवादाचा आहे. त्यात एक चित्र आहे जे आजवर लाखो मुलांनी पाहिलं असेल, आणि पुण्यातल्या अभ्यासिकांमधे बसून एनसीईआरटी घोटणाऱ्या यूपीएससी-एमपीएससीवाल्यांनीसुद्धा. फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यातला आरसेमहाल, गणवेशातल्या माणसांची गर्दी, उंचावलेल्या तलवारी, डावीकडे पायऱ्यांवर प्रशिया या सगळ्यात मोठ्या जर्मन राज्याचा म्हातारा राजा विल्हेल्म, आणि मधोमध पांढऱ्याशुभ्र गणवेशात त्याचा पंतप्रधान बिस्मार्क. १८ जानेवारी १८७१, जर्मन साम्राज्याची घोषणा. चित्रकार आंतोन फॉन वेर्नर.

माझं म्हणणं असं आहे की हे चित्र ज्या पद्धतीनं पुस्तकात येतं ती पद्धत बदलायला हवी. चित्र काढून टाका असं अजिबात म्हणत नाहीये, उलट ते राहायलाच हवं, पण त्याच्याखाली लिहायला हवं की हे कोणी सांगून काढून घेतलं, कधी, कोणासाठी, आणि त्यात काय बदललं. आणि शेजारी त्याच काळातल्या दुसऱ्या जर्मन चित्रकारांची दोन-तीन चित्रं हवीत ज्यांना राजदरबारातून अशी ऑर्डर नव्हती. नाहीतर होतं काय की मुलं हे चित्र फोटोसारखं बघतात, शिक्षकही तसंच दाखवतात, आणि १८७१ ला काय झालं याची डोक्यातली प्रतिमा कायमची तीच होऊन बसते.

वेर्नर तिथे खरंच हजर होता, हे आधी सांगायला हवं. तेव्हा तो २७ वर्षांचा, कार्ल्सरूहला राहणारा तरुण चित्रकार. प्रशियाच्या युवराजाकडून त्याला तार आली की तुझ्या कुंचल्याला साजेसं काही बघायचं असेल तर इकडे ये. नेमकं काय ते तारेत नव्हतं, तरी तो फ्रान्सविरुद्धच्या भर युद्धात प्रवास करून १८ तारखेला सकाळी व्हर्सायला पोचला. पॅरिसला वेढा पडलेला, शहरावर तोफगोळे पडत होते. समारंभ कसा झाला ते त्यानं पुढे आठवणींत लिहिलंय, आणि ते वाचून आश्चर्य वाटतं, कारण तो म्हणतो की काही थाटमाट नव्हता आणि सगळं फार थोडक्यात आटोपलं. म्हणजे ज्याच्या चित्रामुळे हा प्रसंग भव्य म्हणून आपल्या डोक्यात बसला, त्यालाच तो बघताना तसा वाटला नव्हता.

मग त्यानं हे चित्र पुन्हा पुन्हा काढलं. पहिलं १८७७ चं, सम्राट विल्हेल्मच्या ८० व्या वाढदिवसाला जर्मन राजेरजवाड्यांनी दिलेली भेट, चार मीटरपेक्षा जास्त उंच आणि सात मीटरपेक्षा जास्त रुंद, बर्लिनच्या राजवाड्यात लावलेलं. त्यात आपण दालनात लांब उभे राहून बघतोय असं वाटतं, समोर अधिकाऱ्यांची दाटी आहे, राजा दूर चौथऱ्यावर आहे, आणि बिस्मार्क निळ्या गणवेशात आहे, शोधला की सापडतो. दुसरं बर्लिनच्या जुन्या शस्त्रागारात, जिथे प्रशियन सैन्याचं कीर्तिमंदिर केलं होतं, तिथल्या भिंतीवर. ही दोन्ही दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली. तिसरं १८८५ चं, बिस्मार्कच्या ७० व्या वाढदिवसासाठी केलेलं, आणि तेच वाचलं, आज हॅम्बुर्गजवळ फ्रीडरिक्सरूहला बिस्मार्कच्या म्युझियममधे आहे. जगभरच्या पुस्तकांमधे छापलं जातं ते हेच.

आता या तिसऱ्या चित्रात काय काय झालंय बघा. प्रत्यक्षात त्या दिवशी बिस्मार्क निळ्या गणवेशात होता, इथे तो पांढऱ्यात आला, त्यामुळे सगळ्या गडद कपड्यांच्या गर्दीत नजर थेट त्याच्यावरच जाते. त्याच्या गळ्यात जे मानाचं पदक दिसतं ते त्याला मिळालं १८८४ ला, म्हणजे प्रसंगानंतर १३ वर्षांनी. आणि युद्धमंत्री रोन, तो १८ जानेवारीला त्या दालनात नव्हताच, चित्रात मात्र उभा आहे. ज्याचा वाढदिवस त्याला मध्यभागी आणलं, त्याच्या जुन्या सहकाऱ्यालाही बोलावून घेतलं, सगळं भेटवस्तूच्या हिशेबानं. भेट म्हणून यात काहीच गैर नाही, वेर्नर खोटारडा होता असं मला म्हणायचं नाही, त्याला जे काम दिलं ते त्यानं फार कौशल्यानं केलं. अडचण पुढे झाली, जेव्हा वाढदिवसाची भेट पाठ्यपुस्तकातला प्रसंग झाली.

एनसीईआरटीच्या पुस्तकात चित्राखालच्या ओळींत वाढदिवसाचा उल्लेख आहे, ही चांगली गोष्ट आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्याच ओळींत सम्राटाच्या जोडीला मधोमध उभा असलेला माणूस म्हणून रोनचं नाव दिलंय, त्यालाच प्रशियन सैन्याचा प्रमुख सेनापती म्हटलंय, आणि बिस्मार्क त्यांच्याजवळ आहे असं म्हटलंय. म्हणजे जो माणूस तिथे नव्हता त्याचं नाव मुलं तिथे हजर म्हणून लक्षात ठेवणार. एवढ्या एका उदाहरणावरून कळतं की चित्राला साक्षीदार मानलं की काय होतं. ही छोटी चूक आहे असं कोणी म्हणेल, मला ती छोटी वाटत नाही, कारण ती दुरुस्त करायला नवीन संशोधन नकोय, फक्त चित्राला चित्र म्हणून बघायला हवंय.

आणि चित्रात जे आलंच नाही त्याचं काय? त्या दिवशी दालनात तणाव होता. विल्हेल्मला 'जर्मनीचा सम्राट' ही पदवी हवी होती, बिस्मार्कला दक्षिणेकडच्या राजांना न दुखवणारी 'जर्मन सम्राट' ही, आणि शेवटी बाडेन या दक्षिणेकडच्या राज्याच्या ग्रँड ड्यूकनं 'सम्राट विल्हेल्म' असा जयजयकार करून वाट काढली. राजा इतका नाराज होता की चौथऱ्यावरून उतरल्यावर त्यानं बिस्मार्ककडे बघितलं नाही, त्याला ओलांडून मागच्या सेनानींशी हात मिळवला, हे स्वतः बिस्मार्कनंच आठवणींत लिहून ठेवलंय. बव्हेरियाचा राजा लुडविग तर आलाच नव्हता, सम्राटपद स्वीकारा असं त्याचं म्हणून जे पत्र गेलं त्याचा मसुदा बिस्मार्कचा होता, आणि त्या बदल्यात लुडविगला गुपचूप पैसे मिळत गेले. निवडून आलेल्या प्रतिनिधींचं शिष्टमंडळ महिनाभर आधी डिसेंबरमधे व्हर्सायला येऊन गेलं होतं, पण घोषणेच्या चित्रात आहेत ते राजे, राजपुत्र आणि सैन्याचे अधिकारी. एकही बाई नाही, एकही साधा कोट घातलेला नागरिक नाही. हे शेवटचं मात्र वेर्नरनं लपवलेलं नाही, ते तसंच होतं, आणि वर्गात खरं तर इथूनच सुरुवात करता येईल की अरे या चित्रात देश कुठे आहे.

गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट आहे, की याच धड्यात दुसऱ्या एका जर्मन चित्राला पुस्तकानं फार छान वागवलंय. फिलिप फाइटची 'जर्मानिया', म्हणजे स्त्रीच्या रूपात काढलेलं जर्मन राष्ट्र. मार्च १८४८ मधे फ्रांकफुर्टच्या सेंट पॉल चर्चमधे एकसंध जर्मनीसाठी वेगवेगळ्या जर्मन राज्यांतले प्रतिनिधी जमणार होते, तिथल्या सभागृहात लावायला हे घाईघाईत रंगवलं, पातळ सुती कापडावर. तुटलेल्या बेड्या, ओकच्या पानांचा मुकुट, तलवारीभोवती ऑलिव्हची फांदी, काळा-लाल-सोनेरी झेंडा, मागे उगवता सूर्य. पुस्तकात या प्रत्येक खुणेचा अर्थ दिलाय, मुलं तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात. शेजारी लोरेन्झ क्लासेनची १८६० ची जर्मानियाही आहे, ऱ्हाईनच्या काठी तलवार घेऊन पहारा देणारी, आणि दोन्ही शेजारी ठेवल्या की १२ वर्षांत त्या स्त्रीच्या हातातल्या तलवारीचं काय झालं ते कुणालाही दिसतं. फाइटच्या तलवारीवर शांततेची फांदी होती, क्लासेनच्या तलवारीवर जर्मन ऱ्हाईनचं रक्षण जर्मन तलवार करते असं कोरलंय.

म्हणजे रूपकात्मक चित्र आलं की आपण लगेच सावध होतो, विचारतो की हे कशाचं प्रतीक, चित्रकाराला काय सांगायचंय. आणि वास्तववादी चित्र आलं, बुटांवर उजेड चमकतोय, बटणं मोजता येतायत, ओळखीचे चेहरे आहेत, की आपण विचारणंच सोडून देतो. वेर्नरची ताकद याच्यातच होती. बटणं खरी, चेहरे खरे, खांब आणि आरसे खरे, त्यामुळे मांडणीही खरी वाटते. मला वाटतं धोका रूपकापेक्षा इथे जास्त आहे, कारण देवीसारखी उभी असलेली जर्मानिया खरोखर कुठे उभी होती असं दहावीतलं कोणतंच मूल समजणार नाही, पण बिस्मार्क पांढऱ्यात होता असं प्रत्येक जण समजेल.

आता दुसरं चित्र, जे पुस्तकात नाही आणि असायला हवं असं मला मनापासून वाटतं. आडोल्फ मेन्झेल, जन्म १८१५, ब्रेस्लाऊचा, जे आता पोलंडमधलं व्रोत्सवाफ. उंची साडेचार फुटांच्या आसपास, आयुष्यभर हातात स्केचबुक. मार्च १८४८ मधे बर्लिनच्या रस्त्यांवर राजाच्या सैन्यात आणि लोकांत लढाई झाली, मेलेल्यांच्या शवपेट्या २२ मार्चला भर चौकात चर्चच्या पायऱ्यांवर ठेवल्या होत्या आणि मेन्झेल तिथे जाऊन बघून आला. त्यानं जे काढलं ते लहानसं आहे, अर्ध्या मीटरपेक्षा कमी उंच, आज हॅम्बुर्गच्या कुन्स्टहालेमधे. पायऱ्यांवर शवपेट्यांचा काळा ढीग, समोर गर्दी, कोणी हॅट काढतंय, कोणी नुसतंच गप्पा मारत उभं आहे, सगळे वेगवेगळ्या थरांतले लोक. आणि खाली डावीकडचा कोपरा अर्धवट आहे, रंगवलेलाच नाही. मेन्झेलनं ते पूर्ण केलं नाही, तरी सही मात्र केली, आणि नंतर अनेक वर्षं ते स्टुडिओत तसंच राहिलं. का सोडलं यावर कलेचे अभ्यासक आजही वाद घालतात. कोणी म्हणतं त्याचा त्या उठावावरचा विश्वास उडाला, कोणी म्हणतं रचनाच जुळेना. मला स्वतःला पहिलं जास्त पटतं, कारण त्या दिवसाची एकजूट काही महिन्यांत फुटली होती आणि पुढच्या वर्षी फ्रांकफुर्टच्या प्रतिनिधींनी देऊ केलेला मुकुट प्रशियाच्या राजानं नाकारला होता. पण कारण काहीही असो, एक राष्ट्र लोकांच्या हातून घडता घडता राहिलं याचं याच्याइतकं प्रामाणिक चित्र मला माहीत नाही. वेर्नरचं पूर्ण, चकचकीत १८७१ आणि मेन्झेलचं अपुरं १८४८ एका पानावर समोरासमोर छापा, धड्यातली चार पानं वाचायच्या आधीच मुलांना प्रश्न पडतील.

मेन्झेलला मी इथे संत करून ठेवत नाहीये. त्यानंही दरबाराची कामं केली, १८६१ च्या, विल्हेल्मच्या राज्याभिषेकाचं भलंमोठं चित्र केलं, शंभराहून जास्त लोकांचे चेहरे एकेक करून रंगवले, चार वर्षं त्यात घालवली. प्रशियाचा जुना राजा फ्रेडरिक द ग्रेट याची बासरीची मैफल हे त्याचं गाजलेलं चित्र १८५२ मधे पूर्ण झालं, प्रसंग मात्र साधारण शंभर वर्षांपूर्वीचा, तरीही १८ व्या शतकातला दरबार असाच होता म्हणून ते ठिकठिकाणी छापलं जातं. म्हणजे जो प्रश्न वेर्नरला विचारायचा तोच मेन्झेललाही विचारायचा. माझा आग्रह अमुक चित्रकार चांगला आणि तमुक वाईट असा नाहीये, प्रत्येक चित्राला तेच प्रश्न विचारा एवढाच आहे.

पण मेन्झेलकडे आणखी एक चित्र आहे जे १८७१ च्या साम्राज्याबद्दल वेर्नरपेक्षा कितीतरी जास्त सांगतं. 'लोखंडाची रोलिंग मिल', १८७२ ते १८७५. सायलेशियातल्या क्योनिग्सह्युटं या गावी, आजच्या पोलंडमधल्या खोझुफला, जाऊन त्यानं कारखान्यात उभं राहून शंभरावर स्केचेस केली. अडीच मीटर रुंद कॅनव्हास, मधोमध तापून पांढरं झालेलं लोखंड रोलरमधून ओढतायत, रूळ बनतायत, घामाघूम माणसं चिमट्यांनी ते धरून आहेत. उजवीकडे खाली काहीजण पत्र्याच्या आडोशाला बसून डबा खातायत आणि टोपली घेऊन आलेली एक मुलगी थेट आपल्याकडे बघतेय, डावीकडे शिफ्ट संपलेले कामगार अंग धुतायत, आणि लांब मागे हॅट घातलेला एक साहेब चालत जातोय, या सगळ्याकडे पाठ नसली तरी लक्षही नसलेला. व्हर्सायच्या घोषणेला जेमतेम चार वर्षं झाली होती. हे साम्राज्य कशावर उभं राहत होतं ते इथे दिसतं, रुळांवर, भट्ट्यांवर, तीन पाळ्यांवर. १८७५ ला राष्ट्रीय संग्रहालयानं ते विकत घेतलं आणि तिथल्या संचालकानं त्याला 'आधुनिक सायक्लोप्स' असं जोडनाव दिलं, म्हणजे ग्रीक पुराणातले लोहार राक्षस. सरकारी भिंतीवर कामगार लावायचा तर त्याला पुराणाची शाल पांघरावी लागली.

त्याच सायलेशियातल्या विणकरांचा उठाव एनसीईआरटीच्या धड्यात आहे, विल्हेल्म वोल्फ या पत्रकारानं केलेलं वर्णन दिलंय, ते वर्णन अस्वस्थ करणारं आहे. मग त्याच्यासोबत कार्ल विल्हेल्म ह्युब्नरचं 'सायलेशियन विणकर' का नको? १८४४ चं चित्र, ड्युसेलडॉर्फच्या कलाशाळेतलं. कापडाचा व्यापारी विणकरानं आणलेलं कापड झिडकारतोय, बाई कोसळलीय, मागे लोक हताश उभे. मार्क्सचा सहकारी एंगल्स यानं त्याबद्दल लिहिलं होतं की शंभर पत्रकांनी झाला नसता इतका समाजवादाचा प्रचार या एका चित्रानं केला. आणि मग शतकाच्या शेवटी केटे कोलवित्झ. 'विणकरांचा उठाव' ही तिची सहा चित्रांची मालिका, तीन लिथोग्राफ (दगडी छपाईची चित्रं) आणि तीन एचिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली), १८९८ च्या बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. परीक्षकांत ८२ वर्षांचा मेन्झेल होता, सुवर्णपदकासाठी तिचं नाव पुढे गेलं, आणि सम्राट दुसऱ्या विल्हेल्मनं ते पदक नाकारलं. त्याच वर्षी त्याच सम्राटानं मेन्झेलला प्रशियाचा सर्वोच्च सन्मान दिला होता. फ्रेडरिकची बासरी रंगवणारा म्हातारा चालतो, त्यानं शिफारस केलेली तरुण बाई चालत नाही कारण तिनं भुकेले विणकर काढले. राज्य कोणतं चित्र लावून घेतं आणि कोणतं नाकारतं याचा याहून स्पष्ट धडा कुठे मिळणार आहे.

आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, मुलांवर आधीच इतका अभ्यास आहे, त्यात हे कशाला. पण मी नवीन धडा मागत नाहीये, पाठांतरही वाढवत नाहीये. तुटलेल्या बेड्या म्हणजे काय आणि ओकची पानं म्हणजे काय याची यादी मुलं आज पाठ करतातच, त्यातल्या दोन ओळी कमी करून वेर्नरच्या पहिल्या आणि तिसऱ्या चित्राची तुलना द्या. जर्मनीतल्या शाळांमधे हा तर नेहमीचा वर्गपाठ आहे, दोन आवृत्त्या शेजारी ठेवायच्या आणि काय बदललं ते शोधायला लावायचं. पंधरा वर्षांच्या मुलांना हे जमतं, त्यांना आवडतंही, कारण त्यात शोधायचं असतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. असं सगळंच संशयानं बघायला शिकवलं तर मुलं म्हणतील इतिहास म्हणजे सगळी बनवाबनवी. मला हे पटत नाही. उलट ज्याला कळलं की रोन तिथे नव्हता आणि हे आपल्याला अमुक नोंदींवरून कळतं, त्याला पुरावा म्हणजे काय ते पहिल्यांदा समजतं. आंधळा विश्वास आणि आंधळा अविश्वास दोन्ही त्याच आळशीपणातून येतात.

आणि हा प्रश्न आपल्यासाठी लांबचा नाही. १८९४ ला राजा रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला तो जर्मन यंत्रांवर आणि जर्मन तंत्रज्ञांच्या हातानं, आणि त्यातलाच एक, फ्रिट्झ श्लायशर, पुढे छापखान्याचा मालक झाला, मळवलीला तो कितीतरी वर्षं चालला. आज आपल्या देव्हाऱ्यात जी लक्ष्मी आणि सरस्वती आहे तिचा चेहरा, तिची साडी, तिची उभं राहण्याची पद्धत त्या दगडी छपाईतून घरोघर पोचली, आणि आता दुसरा चेहरा मनात आणायचा म्हटला तरी येत नाही. छापलेलं चित्र इतकं खोल जातं. भक्तीत ते चालून जातं. इतिहासाच्या पुस्तकात चालू देऊ नये.

करायचं ठरवलं तर अडचण काहीच नाही. वेर्नर १९१५ ला गेला, मेन्झेल १९०५ ला, ह्युब्नर त्याच्याही आधी, कोलवित्झ १९४५ ला, म्हणजे आपल्या कायद्याप्रमाणे कोणाच्याच चित्रावर आता कॉपीराइट उरलेला नाही, छापायला कुणाची परवानगी काढायला नको की पैसे मोजायला नकोत. बर्लिन आणि हॅम्बुर्गच्या संग्रहालयांनी मेन्झेलची चित्रं नेटवर टाकलेली आहेत, मोठी करून बघता येतात, ज्या शिक्षकाकडे वर्गात प्रोजेक्टर आहे किंवा नुसता मोबाईल आहे त्याला पुस्तक बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. रोनबद्दलची ओळ मात्र पुस्तकातच दुरुस्त व्हायला हवी, आणि पुढच्या छपाईत व्हायला हवी.